बावीस डिग्रीचं पाणी

अकरा एप्रिलला दुपारी मी मिठागरात मीठ ओढत होतो, तेव्हा माझा मेहुणा अनंता बांधावरून येताना दिसला. चपला हातात घेऊन तो पळत होता. एप्रिलात दुपारी बांध इतका तापतो की त्यावर कोणी अनवाणी पाय टाकत नाही.

“भावोजी, घरी चला.”

“एवढा वाफा ओढून येतो.”

“राहू द्या तो वाफा. ताई राहिली नाही.”

मी हातातली फळी बांधाला नीट टेकवून ठेवली. पाण्यात पडली तर लाकूड फुगतं. त्या वेळी डोक्यात एवढंच आलं.

जागृती, माझी बायको, अंगणात सापडली होती. समोर तांब्याच्या तारेचं वेटोळं, हाताशी डाख द्यायची कांडी. अनंता जिताडा मासा द्यायला आला, तेव्हा त्याला ती दिसली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला. तासाभरात आणलं असतं तर काही करता आलं असतं. तासाभरात आणायला कोणाला तरी कळायला हवं होतं, आणि कळवायचं कसं? फोन बंद पडून तीन दिवस झाले होते.

फोन का बंद पडले ते आता सगळ्यांना माहीत आहे, तरी लिहून ठेवतो. दोन एप्रिलला वर दोन उपग्रह एकमेकांवर आदळले. त्यांचे हजारो तुकडे झाले. ते तुकडे बंदुकीच्या गोळीपेक्षा कितीतरी जास्त वेगानं फिरतात. ते दुसऱ्या उपग्रहांना लागले, त्यांचे तुकडे तिसऱ्यांना. सहा दिवसांत खालच्या कक्षांतले जवळजवळ सगळे उपग्रह निकामी झाले. शहरांत जमिनीखालची केबल होती, तिथं काम चालू राहिलं. आमच्याकडे मात्र फोन थेट उपग्रहाशी बोलायला लागल्यापासून गावोगावचे टॉवर काढून भंगारात घातले होते. आमच्या गावचा टॉवर गेला तेव्हा जागृती म्हणाली होती, “सगळी अंडी एका टोपलीत ठेवतायत.” मी म्हटलं होतं, “तुला काय, तुझा रेडिओ आहे ना.”

तिचा रेडिओ होता. ती झेडपीच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि हौशी रेडिओचा परवाना बाळगून होती. व्हीयू नाइन ज्युलिएट गोल्फ हे तिचं हवेतलं नाव. घरातल्या एका भिंतीवर जगभरातून आलेली कार्डं होती. दोन माणसं एकदा हवेत बोलली की एकमेकांना कार्ड पाठवायचं, ही त्यांची रीत. मी तिचा खांबावर चढणारा माणूस. बाकी मला त्यातलं काही कळत नव्हतं.

आमचं भांडण एकच, आणि ते तीस वर्षं चाललं. “तुमचं मीठ माझ्या तारा खातं,” ती म्हणायची. खरंच होतं ते. खाऱ्या वाऱ्यात तांबं हिरवं पडतं, जोड सुटतात, सहा महिन्यांत ॲन्टेना मरते. ती नवी बांधायची आणि मी खांबावर चढायचो.

आमची मुलगी युक्ता गेल्या डिसेंबरपासून अंटार्क्टिकावर आहे. तिथल्या आपल्या केंद्राचे जनरेटर सांभाळते. पंपाचं इंजिन खोलायला ती मिठागरावरच शिकली. जाताना जागृतीनं तिला एक कागद दिला होता. फोन कधी बंद पडलाच, तर रोज आपल्याकडच्या संध्याकाळी पाचला, रेडिओच्या या आकड्यावर. युक्ता हसली होती. कागद मात्र घेऊन गेली.

फोन बंद पडले तेव्हा जागृतीची तार आधीच गळालेली होती. दहा एप्रिलला ती मला म्हणाली, “उद्या एक दिवस मीठ राहू द्या. खांबावर चढायचंय. युक्ता हाका मारत असेल.” मी म्हटलं, “दोन दिवस थांब. वाफे तयार आहेत.”

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

*

तेरावं झाल्यावर तालुक्याहून एक मॅडम आल्या. केंद्रावरच्या माणसांच्या घरी जाऊन त्या निरोप गोळा करत होत्या. आठवड्यातून एकदा सरकारी रेडिओ केंद्रावरून, वाटेतल्या जहाजांमार्फत, मजकूर तिकडे जायचा. माणशी वीस शब्द.

“तुमचा निरोप मीच लिहून आणलाय,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. कागद पुढे केला. त्यावर सतरा शब्द होते.

मी वाचून परत दिला. “हे पाठवू नका.”

“काका, तिला कळायला नको?”

“कळायला हवं. पण कागदावरून नको. मी सांगेन.”

“कसं सांगणार?”

मी भिंतीजवळच्या रेडिओकडे बोट दाखवलं. त्यांनी रेडिओ पाहिला, मला पाहिलं. “तुम्हाला येतो चालवायला?”

“नाही.”

त्या बऱ्या बाई होत्या. हसल्या नाहीत. “नियमानं मला कळवावंच लागतं. फार तर एकतीस मेपर्यंत थांबवते. जूनच्या पहिल्या यादीत हे जाणार.”

त्या गेल्यावर अनंता चिडला. “भावोजी, हा काय हट्ट आहे? अस्थी अजून मिठागरातल्या शेडच्या आढ्याला टांगलेल्या. लोक मला विचारतात. आता पोरीलाही कळवायचं नाही म्हणता.”

“युक्ताला कळल्याशिवाय विसर्जन नाही.”

“आणि कळणार कधी?”

“एकतीस मेच्या आत.”

“तुमचं डोकं ठिकाणावर नाही,” तो म्हणाला आणि चहा न घेता गेला. दोघांनी मिळून मिठागर चालवायला घेतल्यापासून तो असा कधी गेला नव्हता.

मी नऊ दिवस त्या रेडिओपुढे नुसता बसलो. तो चालू करायलाही मला भीती वाटत होती.

*

तीन मेला एक बाई दारात उभ्या राहिल्या. साठीच्या पुढच्या, डोक्यावर ओढणी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून वायरीचं टोक बाहेर.

“जागृती घरत इथंच राहते ना? मी हसीना मुकादम. मुरूडची.”

मी नाव ओळखलं. वीस वर्षं जागृती रोज सकाळी सातला या बाईशी बोलायची. सातला त्यांची हवेत हजेरी असे, शाळेसारखी. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या.

“तीन आठवडे हजेरीला आली नाही,” हसीनाबाई म्हणाल्या. “तिची तार खराब झालीय ते ठाऊक होतं. म्हटलं, तार दुरुस्त करायला जावं.” मग त्यांना भिंतीवरचा हार घातलेला फोटो दिसला. त्या चालत फोटोपाशी गेल्या. म्हणाल्या, “अशी दिसायची होय? मला वाटलं होतं उंच असेल. आवाज उंच बाईसारखा होता.”

मी त्यांना सगळं सांगितलं. दहा एप्रिलचंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि घड्याळात पाहिलं. “पाचला अजून वीस मिनिटं आहेत. ती उरलेली तार कुठंय?”

अंगणातल्या आंब्यावर त्यांनी कशीबशी पंधरा फूट तार अडकवली. रेडिओ लावला. आधी नुसती खरखर. पाचला त्या खरखरीच्या तळातून आवाज आला. इतका बारीक की मी श्वास रोखला.

“व्हीयू नाइन ज्युलिएट गोल्फ, व्हीयू नाइन ज्युलिएट गोल्फ. आई, मी युक्ता. ऐकतेयस का? ओव्हर.”

मी माइक ओढला. हसीनाबाईंनी माझा हात धरला. “परवाना नाही तुमच्याकडे. मी बोलते.” त्यांनी स्वतःचं हवेतलं नाव सांगून हाका मारल्या. चार वेळा, पाच वेळा. मधूनमधून युक्ताचा आवाज येत होता, पण तो आम्हाला उत्तर नव्हता. ती आपल्या आईलाच बोलावत होती. दहा मिनिटांनी ती म्हणाली, “उद्या परत बोलावते आई. इथं मी बरी आहे.” मग परत खरखर.

“रोज बोलावत असेल,” मी म्हटलं.

“रोज. पंचवीस दिवस.” हसीनाबाईंनी माइक ठेवला. “ऐका घरतभाऊ. तिचा सेट हजार वॅटचा, आपला शंभरचा. शिवाय तिच्या आजूबाजूला जनरेटर, हीटर, त्यांचा गोंगाट. आपल्याकडे शांतता आहे म्हणून आपल्याला ती ऐकू येते. तिला आपण ऐकू जायला चांगली ॲन्टेना हवी. असल्या तारेनं नाही भागायचं.”

“खारा वारा तार टिकू देत नाही.”

“ते मला जागृतीनं वीस वर्षं ऐकवलंय. तुमच्या नावासकट.”

*

जागृतीच्या वहीत चार वर्षांपूर्वीचं एक चित्र सापडलं. चार इंची प्लास्टिकचा पाइप उभा केलेला, वरपर्यंत पाणी भरलेलं, खालून वायर. बाजूला तिच्या अक्षरात: ‘पाण्याची ॲन्टेना. तारेऐवजी समुद्राचं पाणी. पाण्याला गंज चढत नाही. चालतं, पण अर्ध्याहून जास्त ताकद पाण्यातच उष्णता होऊन जाते. सोडून दिलं.’

“पाण्याची ॲन्टेना होते?” मी विचारलं.

“ज्यातून वीज वाहते त्याची ॲन्टेना होते. खाऱ्या पाण्यातून वाहते. तांब्याइतकी नाही, म्हणून ताकद वाया जाते. मीठ जितकं जास्त विरघळलेलं, तितकी वीज सोपी वाहते.”

मी वही परत पाहिली. “हे तिनं कुठलं पाणी घेतलं होतं?”

“समुद्राचं. लिहिलंय की.”

“समुद्राचं पाणी तीन डिग्री असतं,” मी म्हटलं. “मी पंचवीस डिग्रीचं बनवतो.”

हसीनाबाईंनी चष्मा काढला.

आमच्या धंद्यात पाण्याचा खारटपणा डिग्रीत मोजतात. काचेची एक नळी पाण्यात सोडायची, ती जितकी वर तरंगेल तितकं पाणी जड. भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या फळ्यांच्या दारातून, आत घेतो तेव्हा तीन. मग ते एका वाफ्यातून दुसऱ्यात उन्हात फिरवत न्यायचं. दहा, पंधरा, वीस. पंचविसाला मीठ खाली बसू लागतं. हे मी बारा वर्षांचा असल्यापासून करतोय. चार वर्षांपूर्वी ती शेजारच्या खोलीत हे चित्र काढत होती, आणि मी बाहेर पायांवरचं मीठ धूत होतो. तिनं विचारलं नाही, मी पाहिलं नाही. तिच्या लेखी माझं पाणी तारा खाणारं होतं.

त्या दिवशी मी अकरा एप्रिलनंतर पहिल्यांदा हसलो. हसीनाबाई घाबरल्या.

*

मिठागरातल्या पंपाच्या शेडमध्ये आम्ही रेडिओ नेला. सोलरची बॅटरी तिथं होतीच. शेडसमोरच्या वाफ्यात, लाकडी बैठकीवर, वीस फुटी पाइप उभा केला. आत पाण्याची उंची साधारण पाच मीटर हवी होती, कारण युक्ताच्या लहरीची लांबी वीस मीटर आणि ॲन्टेना तिच्या पाव असावी लागते. तारेची ॲन्टेना जुळवताना तार कापत बसावं लागतं, आणि जास्त कापली की संपलं. इथं मी शिडीवरून तांब्यानं पाणी घालायचो, खाली हसीनाबाई मीटर पाहायच्या.

“अजून एक तांब्या! अजून अर्धा! बस! घरतभाऊ, हात आखडा, अभिषेक नाही चाललेला!”

पाणी मी निवडून आणलं होतं. साधं नाही, सव्वीस डिग्रीचं, सगळ्यांत शेवटच्या वाफ्यातलं. मिठागरातल्या कुठल्याही माणसानं तेच केलं असतं. आम्हाला जास्त डिग्री म्हणजे चांगलं, एवढंच शिकवलेलं असतं. मीटरचा काटा पाहून हसीनाबाई म्हणाल्या, “तिच्या पाण्यात अर्ध्याहून जास्त जात होतं. तुमच्या पाण्यात पावही जात नाही.” त्यांनी लगेच कोणालातरी हाका मारल्या आणि केरळचा एक माणूस उत्तरला. आम्ही दोघं लहान पोरांसारखे ओरडलो.

दुसऱ्या दिवशी पाचला पाइप मेलेला होता. मीटर हलेना. युक्ता आईला बोलावत राहिली, आम्ही मुके.

पाइप रिकामा केला तर तळाशी वायर जोडलेल्या तांब्याच्या पट्टीवर बोटभर जाडीचं मीठ. शुभ्र, मोठ्या दाण्याचं. पाइपाचं तोंड मी उघडं ठेवलं होतं. उन्हात पाणी आटलं, मीठ खाली बसलं. कोरड्या मिठातून वीज जात नाही. विरघळलेलं असेल तरच जाते.

हसीनाबाई बांधावर बसून हसत सुटल्या. “जन्मभराची सवय! माणसानं ॲन्टेनातही मीठ पिकवलं!”

मला राग आला, मग मलाही हसू आलं. पाणी बावीसवर आणलं. तोंडाला झाकण बसवलं. तांब्याच्या पट्टीच्या जागी कार्बनचा दांडा घातला, त्याला मीठ काही करत नाही. वीस मेला पाइप परत उभा राहिला. त्या दिवशी युक्ता बोलता बोलता मध्येच थांबली. मग म्हणाली, “कोणीतरी आहे. शब्द लागत नाहीत. परत बोला. परत बोला.”

आम्ही अर्धा तास परत बोलत होतो. शब्द लागले नाहीत.

*

“थोडंसं कमी पडतंय,” हसीनाबाई म्हणाल्या. त्यांनी जमिनीवर काठीनं रेघ काढली. “लहर सरळ तिथपर्यंत जात नाही. आकाशाला लागून खाली येते, जमिनीला लागून वर जाते, असे टप्पे खात जाते. दर टप्प्याला थोडी मरते. जितकी आडवी सोडाल तितके टप्पे कमी. आडवी सोडायची तर ॲन्टेनासमोरची जमीन आरशासारखी हवी. कोरडी जमीन लहर पिऊन टाकते.”

“आणि खारं पाणी?”

“त्याच्यासारखा आरसा नाही. दक्षिणेला काय आहे आपल्या?”

दक्षिणेला आमचे नऊ वाफे होते. पाणी आटवून, मीठ धरून, ओढायला तयार. पावसाआधीचं शेवटचं मीठ. त्यांत पाणी सोडलं की हंगाम तिथंच संपला, कारण पुढे आटायला ऊन उरत नाही. आणि ते वाफे माझे एकट्याचे नव्हते.

मी अनंताच्या घरी गेलो. महिनाभरात पहिल्यांदा. तो ओटीवर जाळं शिवत होता. मी सगळं सांगितलं. पाइप, आरसा, नऊ वाफे.

“आणि नाही लागला आवाज तर?”

“तर मीठही गेलं आणि आवाजही.”

तो जाळं शिवत राहिला.

“अनंता, तिनं दहा तारखेला मला खांबावर चढायला सांगितलं होतं. मी म्हटलं, वाफे तयार आहेत.”

त्याचा हात थांबला. तो माझ्याकडे बघत बसला. मला वाटलं, आता हा मला मारणार. मारलं असतं तरी चाललं असतं.

“हे तुम्ही आज सांगताय,” तो म्हणाला. मग उठला, सदरा चढवला. “भरती किती वाजता आहे?”

“पावणेतीन.”

“मग बसलात काय? उघाडी मी उघडतो. तुम्हाला ती वरची फळी अजून नीट काढता येत नाही.”

नुसत्या भरतीच्या पाण्यानं वाफ्यातलं मीठ विरघळलं. नऊ वाफे दोन दिवसांत पाण्याखाली गेले. काचेची नळी सोडली तर अठरा डिग्री. दक्षिणेकडे पाहिलं की नुसतं आकाश दिसत होतं, खालीही आणि वरही.

*

सत्तावीस मे. नैर्ऋत्येला ढग जमले होते. अनंता शेडच्या दारात उभा होता, हसीनाबाई सेटपुढे, मी त्यांच्या शेजारी.

पाचला आवाज आला. “व्हीयू नाइन ज्युलिएट गोल्फ. आई, मी युक्ता. ओव्हर.”

हसीनाबाईंनी उत्तर दिलं आणि बटण सोडलं.

मग युक्ता ओरडली, “ऐकू आलं! ऐकू आलं! हसीनामावशी, तूच ना? पाच-नऊ मावशी, पाच-नऊ! ओव्हर!”

पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. हौशी लोक शिष्टाचार म्हणून सगळ्यांनाच पाच-नऊ देतात.

“शिष्टाचार नको, खरा आकडा सांग. ओव्हर.”

“पाच-सहा. कधी सात. शब्दन् शब्द कळतोय! मावशी, आई कुठंय? ओव्हर.”

हसीनाबाईंनी माइक माझ्या हातात दिला. मधल्या दिवसांत सरकारनं आदेश काढला होता की परवानाधारक शेजारी बसलेला असेल तर घरच्या माणसाला बोलता येईल. मी तोवर वाक्य पाठ करून ठेवलं होतं. बटण दाबलं.

“युक्ता, बाबा बोलतोय. तुझी आई गेली. अकरा एप्रिलला दुपारी. मेंदूत रक्तस्राव झाला. तुझ्यासाठीच तार जोडत होती. आदल्या दिवशी तिनं मला खांबावर चढायला सांगितलं होतं, मी गेलो नाही. हे तुला कागदावरून कळू नये म्हणून एवढे दिवस लागले.”

वाक्य संपलं. मी बटण सोडलं नाही. बटण दाबलेलं असेपर्यंत समोरच्याचं ऐकू येत नाही. मला ते माहीत होतं. अंगठा उठेना.

हसीनाबाईंनी माझा अंगठा धरला आणि अलगद वर केला.

आधी नुसती खरखर आली. मागे जनरेटरची घरघर. ती बटण दाबून बसली होती आणि बोलत नव्हती. मग तिचा श्वास ऐकू आला, दहा हजार किलोमीटरवरून, आणि मग रडणं. अनंता दारातून आत आला आणि जमिनीवर बसला.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “मला वाटलंच होतं, बाबा. आई असती तर दुसऱ्याच दिवशी काहीतरी करून बोलली असती. आणि खांबाचं मनाला लावून घेऊ नकोस. तिनं मलाही शंभर वेळा सांगितलं होतं, जायच्या आधी ती तार बदलून जा. मीही नाही बदलली. ओव्हर.”

हसीनाबाईंनी खुणावलं, उत्तर द्या.

“जेवतेस ना? ओव्हर,” मी म्हटलं.

ती रडता रडता हसली. “जेवते. बाबा, पण तू कशावरून बोलतोयस? खांबावरची तार तर कधीच गळाली. ओव्हर.”

“मिठावरून. आईच्या वहीत पाइप होता, त्यात माझं पाणी घातलंय. बावीस डिग्री. ओव्हर.”

मग ती म्हणाली, “तिला किती राग आला असता. आणि मग रात्री झोपली नसती, कोणाकोणाला सांगू असं झालं असतं.” पुढे म्हणाली, “बाबा, अस्थी? ओव्हर.”

मी अनंताकडे पाहिलं. त्यानं पुढे वाकून माइक घेतला, काय दाबायचं ते न कळून सेटवर थाप मारली, मग हसीनाबाईंनी त्याचं बोट बटणावर ठेवलं.

“युक्ता, मामा. शेडच्या आढ्याला आहेत. तू ये. लोकांचं मी बघतो. ओव्हर, का काय ते.”

*

दुसऱ्या दिवशी पाचला युक्तापाठोपाठ केंद्रावरची बाकीची तेवीस माणसं रांगेत उभी होती. पाऊस यायला दहा दिवस मिळाले. हसीनाबाईंच्या हजेरीतल्या लोकांनी गावोगाव निरोप धाडले. जे येऊ शकले ते आमच्या बांधावरून चालत आले, नगरचे, साताऱ्याचे, एक आजोबा तर थेट भंडाऱ्याहून. ज्यांना जमलं नाही त्यांचे निरोप हसीनाबाई वाचून दाखवायच्या. केंद्राचा आचारी कुमाऊँचा. त्याला मुलगी झाल्याचं त्याला आमच्या शेडमधून कळलं. तो रडला की हसला ते समजलं नाही. पाच-सहामध्ये तेवढं समजत नाही.

एकतीस मेला मॅडम स्वतः आल्या. त्यांनी सतरा शब्दांचा तो कागद माझ्यासमोर फाडला.

पाऊस आला. वाफ्यांतलं पाणी पातळ झालं, पण बावीस डिग्रीचं पाणी मी झाकलेल्या टाक्यांत भरून ठेवलं होतं, आणि बाहेर भरतीचं पाणी होतंच. पाइप पावसातही बोलत राहिला. ऑगस्टात करंजा बंदरातली एक बोट इंजिन बंद पडून खोल समुद्रात भरकटली. तिचा आवाज पहिल्यांदा आमच्या शेडमध्ये ऐकू आला. नऊही माणसं परत आली. त्यानंतर मुंबईहून दोन इंजिनियर आले, तीन दिवस मोजमाप केलं, आणि माझ्याकडे पाण्याची डिग्री कशी ओळखायची ते शिकून गेले. आता शिरोड्याला, भाईंदरला, खाली तमिळनाडूत, मिठागरांत पाइप उभे राहतायत. परवा एका मुलाखतीत मला विचारलं, याला नाव काय देणार. मी म्हटलं, नाव वहीत आहे, पाण्याची ॲन्टेना. काढणारीनं तेवढंच लिहिलंय.

सप्टेंबरात मी परीक्षा दिली. हसीनाबाईंनी दीड महिना माझा अभ्यास घेतला आणि रोज दोनदा सांगितलं की मी नापास होणार. पास झालो. आता माझंही हवेत नाव आहे. सकाळी सातला हजेरीत ते पुकारलं जातं. त्याआधी रोज ज्युलिएट गोल्फ पुकारतात. कोणी उत्तर देत नाही. मग माझं नाव येतं आणि मी “हजर” म्हणतो.

अनंतानं बांधाची डागडुजी सुरू केली आहे. पुढच्या हंगामाला दक्षिणेचे नऊ वाफे आम्ही मिठाला धरणार नाही. ते आरशासाठी ठेवले आहेत. युक्ताशी रोज पाचला बोलतो. ती जनरेटरबद्दल तक्रार करते, मी खेकड्यांबद्दल.

बोट केंद्रावर नोव्हेंबरच्या शेवटी पोचेल. युक्ताला घरी यायला डिसेंबर उजाडेल. अस्थी शेडच्या आढ्याला आहेत. विसर्जन बाकी आहे.